तेरची पांढरी, कीळडीची खापरे

मराठीच्या एम. ए.च्या वर्गात गाथासप्तशती शिकवताना एका ठिकाणी माझी दरवर्षी पंचाईत होते. हाल सातवाहन, महाराष्ट्री प्राकृत, सातशेच्या आसपास गाथा, शृंगार आणि ग्रामजीवन एवढे सांगून झाले की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, "सर, ही माणसे राहत कुठे होती?" गोदातीर, विंध्याच्या पायथ्याची खेडी, तागाची आणि कापसाची शेते हे ठरलेले उत्तर मी देतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे हे मलाही जाणवते. ज्या राजाच्या नावावर हा संग्रह सांगितला जातो त्याच्या राज्यात शहरे होती, नाणी पाडली जात होती, परदेशी व्यापाऱ्यांची जा-ये होती. आपल्या वर्गात मात्र सातवाहनकाल म्हणजे एक मोठे, अखंड खेडे असते. शहराचा पत्ता आपण इतिहासाच्या विभागाकडे सोपवून मोकळे झालेलो असतो.

हाच प्रश्न तमिळ साहित्याच्या वर्गात कसा विचारला जात असेल, याचे कुतूहल अलीकडे कीळडीमुळे वाढले. मदुरैच्या आग्नेयेला बाराएक किलोमीटरवर, वैगै नदीजवळच्या नारळीच्या बागांत, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१४ साली अमरनाथ रामकृष्ण यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू केले. विटांच्या भिंती, पाण्याचे निचरे, मातीच्या कड्यांच्या विहिरी, मणी, हस्तिदंताच्या वस्तू असे एका नांदत्या वस्तीचे अवशेष तेथे निघाले. तीन हंगामांनंतर हे काम तमिळनाडूच्या राज्य पुरातत्त्व विभागाकडे गेले. त्या विभागाने २०१९ मध्ये काढलेल्या अहवालाच्या नावातच या जागेला वैगैकाठची संगमकालीन नागर वसाहत म्हटले आहे. कोळशाच्या सहा नमुन्यांचे कालमापन झाले. त्यांतला सर्वांत जुना, ३५३ सेंटिमीटर खोलीवरचा, इ. स. पू. ५८० च्या सुमाराचा ठरला. तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेली ५६ खापरे त्या अहवालात नोंदली आहेत. मार्च २०२३ मध्ये तेथे संग्रहालयही उघडले.

साहित्याच्या माणसाला थांबायला लावतात ती ही खापरे. त्यांवर राजाज्ञा नाही, दानलेख नाही. नावे आहेत : आदन्, कुविरन् अशी. भांडे भाजून झाल्यावर कोणीतरी टोकदार वस्तूने ती त्याच्या खांद्यावर ओरखडली आहेत. हे भांडे माझे, एवढाच त्याचा अर्थ असावा. ज्यांच्या घरात पाण्याच्या मडक्यावर नाव घालायची गरज वाटे आणि ते घालताही येई, अशी ही माणसे. 'आदन्' हे नाव संगम काव्यात चेर राजांच्या नावांतही येते. राजाच्या नावातला शब्द स्वयंपाकघरातल्या मडक्यावर सापडला की काव्य एकदम जमिनीवर उतरल्यासारखे वाटते.

तमिळ वाचकाला हे दर्शन एवढे मोलाचे का वाटले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. संगम साहित्य म्हणून आज जे ओळखले जाते त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकात विस्मरणात गेले होते. उ. वे. स्वामिनाथ अय्यर गावोगाव हिंडून ताडपत्रे गोळा करत राहिले आणि १८८९ मध्ये 'पत्तुप्पाट्टु', १८९४ मध्ये 'पुरनानूरु' छापून लोकांसमोर आले. त्या दहा दीर्घ काव्यांत 'मदुरैक्कांजी' आहे, म्हणजे मदुरैचे रस्ते, बाजार आणि रात्र यांचे वर्णन. 'पट्टिनप्पालै' आहे, म्हणजे कावेरीच्या मुखावरच्या बंदराचे वर्णन. एका भाषेच्या हाती आधी शहराची कविता आली आणि सव्वाशे वर्षांनी त्या शहराजवळची माती उकरली गेली. कवितेतल्या बाजाराला तोपर्यंत विटा नव्हत्या.

आता, येथे सावध राहायला हवे. उत्खनन आणि काव्य एकमेकांना साक्षीला उभे केले की दोघांचीही साक्ष बिघडण्याची शक्यता असते. हर्मन टीकेन या डच अभ्यासकाने २००१ मध्ये असे मांडले की संगम कविता प्राचीन शहरांत रचली गेलेलीच नाही. आठव्या-नवव्या शतकातल्या पांड्य दरबाराने जुन्या काळाचा देखावा उभा करून ती घडवली. तमिळच्या बहुतेक जाणकारांनी हे मत फेटाळले, आणि जॉर्ज हार्ट यांच्यासारख्यांनी तर कडक शब्दांत. मलाही टीकेन यांची कालगणना पटत नाही. पण कीळडीने त्यांना खोटे पाडले असे जे म्हटले जाते, तेही तर्काला धरून नाही. खापरावरचे नाव एवढेच सांगते की त्या काळी तेथे लिहिता येणारी माणसे होती आणि त्यांची वस्ती नीटनेटकी होती. त्यांच्यापैकी कोणी अमुक कविता रचली, हे खापर सांगत नाही. शिवाय सर्वांत खालच्या थरातल्या कोळशाचे वय आणि अक्षरे असलेल्या प्रत्येक खापराचे वय एकच असते असेही नाही. रामकृष्ण यांनी जानेवारी २०२३ मध्ये सादर केलेला ९८२ पानांचा अहवाल मे २०२५ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने दुरुस्तीसाठी परत धाडला आणि त्यांनी कालनिर्णय बदलायला नकार दिला. तेव्हा तो वाद थर आणि नमुने यांच्यापुरता राहिलाच नाही, दिल्ली विरुद्ध मदुरै असा झाला. अस्मितेच्या हातात कुदळ गेली की असे होते. तरीही त्या अस्मितेमुळेच तेथे दरवर्षी खड्डे खणले गेले, संग्रहालय झाले, शाळेतली मुले खापरे पाहायला जाऊ लागली, हेही कबूल करायला हवे. आपल्याकडे निर्मळ तटस्थता आहे, आणि खड्डे नाहीत.

नाहीत म्हणजे अगदीच नाहीत असे नाही. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत दोन-अडीच तासांत तेरला पोचता येते. तेरणेच्या काठचे हे गाव मराठी माणसाला माहीत आहे ते गोरोबाकाकांचे म्हणून. ते एके काळचे तगर आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. इ. स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत दख्खनच्या अंतर्भागातली दोन मोठी बाजारपेठेची ठिकाणे सांगितली आहेत. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठे शहर. पैठणहून गोमेदासारखे खडे येतात. तगरहून पुष्कळ जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे, आणि समुद्रकाठच्या प्रदेशांतून तेथे जमा झालेला इतर माल येतो. हे सगळे गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला उतरते.

हे तगर कोठले, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी खूप वाद घातला. विल्फर्ड यांनी ते दौलताबादेला नेले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूरला. ज्यांचे पूर्वज 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत ते शिलाहार कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असल्याने वादाला आणखी फाटे फुटले. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले, आणि लगोलग हेन्री कझिन्स यांनी गावाची पाहणी केली. त्यांचा अहवाल पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात आहे. निजामाच्या राज्यातल्या त्या आडगावात त्यांना एक विटांचे, मागच्या बाजूने अर्धगोल असलेले मंदिर दिसले. त्यात त्रिविक्रमाची पूजा होत होती. कझिन्स यांना ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे वाटले. पुढच्या अभ्यासकांपैकी काहींना ते मान्य नाही. विटांचे शिखर आणि लाकडी कोरीव दाराची चौकट असलेले उत्तरेश्वराचे देऊळही तेरचेच. पाण्यावर तरंगणाऱ्या इतक्या हलक्या विटा तेरमध्ये मिळतात, हे गावकरी आजही पाहुण्याला सांगतात.

पुढे चापेकरांनी १९५८ मध्ये तेरला उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये पुण्याहून निघाला. राज्याच्या पुरातत्त्व विभागानेही नंतर तेथे काम केले. पण तेरची कीर्ती जगभर गेली ती खड्ड्यांमुळे कमी आणि एका व्यापाऱ्याच्या छंदामुळे अधिक. गावातले रामलिंगप्पा लामतुरे पावसाने उघड्या पडलेल्या, शेतात-बांधावर सापडलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा करत राहिले. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांतून काढलेल्या नाजूक स्त्रीप्रतिमा, मणी, दिवे, नाणी, आणि एक हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर लिहिलेले छोटेसे पुस्तक या संग्रहाच्या आधारावरच उभे आहे. आज लामतुऱ्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये आहे. त्या हस्तिदंती स्त्रीची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या एका घरात सापडली. ७९ साली व्हेसूव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे तिचा प्रवास त्याआधीचा. तशीच आणखी एक भोकरदनच्या उत्खननात मिळाली. पाँपेईची मूर्ती तेरच्याच कारागिराने घडवली असे म्हणण्याचा मोह होतो. ते सिद्ध झालेले नाही. तिच्यावर तर एक खरोष्ठी अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी.

लामतुरे संग्रहाबद्दल कृतज्ञता वाटते आणि वाईटही वाटते. वस्तू आहेत, पण त्या कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होत्या, हे बहुतेकींच्या बाबतीत आता कळणार नाही. कीळडीच्या ५६ खापरांना जागा आहे, तेरच्या हजारो वस्तूंना फक्त गाव आहे. आणि गावाने स्वतःच ती जागा हळूहळू खाऊन टाकली. मराठीत शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी. शतकानुशतकांची राख, शेण, भिंतींची माती मिसळून जुन्या वस्तीची माती पांढुरकी होते, म्हणून पांढरी. आमच्याकडच्या माळवदाच्या घरांवर, भिंतींना तीच लागते, शेतात खत म्हणून तीच पडते. जुन्या टेकाडाची माती गाड्या भरभरून उचलून नव्या घरावर घातली जाते आणि ते घर पडले की पुन्हा तिची पांढरी होते. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने हा नाश आहे. पण ज्या भाषेने प्राचीन वस्तीच्या थराला साधा रोजचा शब्द दिला, तिला इतिहासाची जाणीव नाही असे कोणी म्हणू नये.

मागच्या बाकावरच्या प्रश्नाला मी अलीकडे जे उत्तर देतो ते या पांढरीवरून सुचले आहे. गाथांमध्ये कापसाचे शेत वारंवार येते, आणि ते चोरट्या भेटीची जागा म्हणून येते. पीक उभे आहे तोवर आडोसा आहे, वेचणी झाली की आडोसा गेला, एवढ्यावर एखाद्या नायिकेचा सबंध ऋतू तोललेला असतो. गाथा त्या शेताच्या बांधावर थांबते. कापूस पुढे कुठे गेला, याच्याशी तिला कर्तव्य नाही. 'पेरिप्लस'चा व्यापारी नेमका पुढून सुरुवात करतो. त्याला कापडाचे गठ्ठे दिसतात, जाडे आणि तलम. शेत दिसत नाही, नायिका तर नाहीच. या दोन लेखनांच्या मधोमध जे पिंजणारे, कातणारे, विणणारे, रंगवणारे, गाड्या भरणारे होते, ते तेरच्या मातीत आहेत. कवीने त्यांना सोडले, व्यापाऱ्याने त्यांना मालात मोजले. सोलापूरच्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. त्याच्या आजोबांनी मागावर किंवा गिरणीत आयुष्य काढलेले असते, आणि चादरीवर विणणाऱ्याचे नाव नसते हे त्याला ठाऊक असते.

नावांवरून आठवले. गाथासप्तशतीच्या परंपरेत पुष्कळ गाथांना कवींची नावे जोडलेली आहेत, आणि त्यांत रेवा, माधवी, अणुलक्ष्मी, रोहा, ससिप्पहा अशा स्त्रियाही आहेत. ती नावे कितपत खरी, याबद्दल शंका घेता येते. पण कीळडीत माणसांची नावे मडक्यावर टिकली आणि आपल्याकडे ती गाथेच्या कडेला टिकली, ही जोडी मला मनातून काढता येत नाही. टीकेन यांचेच एक निरीक्षण येथे कामाला येते, आणि यावेळी ते मला पटते. गाथांमधले खेडे हे खेडुताने पाहिलेले खेडे नाही, शहरातल्या रसिकाने जरा मिश्कीलपणे पाहिलेले आहे. तसे असेल तर पाहणारा डोळा कोठे बसला होता, हे विचारायलाच हवे. पैठणला, तेरला, अशाच कोणत्या तरी पेठेत. म्हणजे शहर गाथेत नाही असे नव्हे. ते बघणाऱ्याच्या जागी आहे, म्हणून आपल्याला दिसत नाही.

संगम कविता आणि गाथा यांच्यातली साम्ये हार्ट यांनी १९७५ मध्येच सविस्तर दाखवली आहेत. परदेशी गेलेला पती, पावसाची चाहूल, सखीचे मध्यस्थीचे बोल, निसर्गाच्या आडून सांगितलेली गोष्ट ही सामग्री दोन्हीकडे आहे. दोन्ही भाषा एकमेकींच्या कानावर होत्या, याला वेगळा पुरावाही आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांच्या मुखवटा असलेल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत लेख आहे आणि दुसऱ्या बाजूला द्रविड भाषेतला, जो अनेक लिपितज्ज्ञांनी तमिळ म्हणून वाचला आहे. एकाच नाण्याच्या दोन बाजू हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा होतो. विश्वनाथ खैरे यांनी 'द्राविड महाराष्ट्र'मध्ये मराठीची नाळ तमिळशी जोडली तेव्हा आपल्या विद्यापीठांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती मलाही ओढूनताणून वाटतात. पण ज्या शहरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते तेथे बसून दोन भाषांच्या नाण्याचे नवल कसे वाटणार?

मातीतही हा दुवा आहे. अरिकमेडूला, म्हणजे पुदुच्चेरीजवळ, १९४५ मध्ये व्हीलर यांना पातळ, गुळगुळीत, तळाशी बारीक ठिपक्यांची वर्तुळे असलेली थाळ्यांची खापरे मिळाली. त्यांनी ती भूमध्यसागराकडची मानली. पुढे विमला बेगली वगैरेंच्या अभ्यासानंतर ती भारतातच घडलेली असल्याचे मान्य झाले. पूर्व किनाऱ्यावर ती मुबलक मिळतात, कीळडीतही आहेत, आणि तेरलाही आहेत. समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगरला येणारा 'इतर माल' म्हणून त्या व्यापाऱ्याने जे एका वाक्यात उरकले, त्याचे हे तुकडे असावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळला तो २००४ मध्येच मिळाला होता. रंगनाथ पठारे समितीने जो आधार उभा केला त्यात गाथासप्तशती आहे, नाणेघाटाचा लेख आहे. आमच्या महाविद्यालयातही पेढे वाटले गेले. त्या दिवशी वर्गात मी तेरचा विषय काढला तेव्हा साठांपैकी चार हात वर गेले, आणि चौघेही गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलेले होते. संग्रहालय कोणीही पाहिले नव्हते. दोष त्यांचा नव्हता, अभ्यासक्रम आम्हीच करतो.

मग आम्ही गेलो. पण दर्शनाला गेलेल्या त्या चौघांचेही काही चुकले नव्हते, हे तेथे उभे राहिल्यावर लक्षात आले. सातवाहनांच्या शहरांची यादी आणि संतांच्या गावांची यादी शेजारी ठेवून पाहावी. पैठण एकनाथांचे, आणि ज्ञानदेवांचे आपेगाव त्याच्या जवळच. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि त्याच नेवाशाला सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये प्रवरेकाठी उत्खनन करून सातवाहनकाळाच्याही खाली जाणारे थर उघडले. आणि तेर गोरोबांचे. व्यापार हजार वर्षांपूर्वीच उठून गेला होता, पण नदीचा उतार, जुन्या वाटा आणि देवळे राहिली असावीत, आणि त्या वाटांनीच नवी भाषा बोलणारी माणसे एकमेकांना भेटत राहिली असावीत, असा माझा तर्क आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त तेरच्या मृण्मयींकडे पाहिले ते असेच, आजच्या उपासनेकडून मागे जात. त्या वाटेने आपण पुढे फारसे गेलो नाही.

तेरणेच्या काठी गोरोबांच्या समाधीपाशी बसून मुलांनी थापटण्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. संतांच्या मेळ्यात काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे हाणून पाहिले, नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले. मग आम्ही नांगरटीच्या कडेने टेकाडावर चढलो. पायाखाली खापरेच खापरे होती, तांबडी, काळी, बहुतेक अलीकडची. एका मुलाने एक पातळ, करडा तुकडा उचलला. त्याचे वडील कुंभारकाम करतात, हे मला तेव्हा कळले. नखाने त्याने तुकड्यावर टिचकी मारली, कानाशी नेऊन पुन्हा मारली, आणि म्हणाला, "सर, हे नीट भाजलंय." सगळ्यांनी आळीपाळीने वाजवून पाहिले. त्यावर ठिपक्यांची वर्तुळे होती की नाही हे मला चष्म्यातूनही खात्रीने सांगता येईना. तो तुकडा खिशात घालणार होता. थर, जागा, शेजार यांवर संग्रहालयात झालेले माझे व्याख्यान त्याला आठवले असावे. त्याने तो जेथून उचलला होता तेथेच, बांधाच्या कडेला, पालथा ठेवला.